मिनिमलिझम: अपरिग्रह, काटकसर की मोजकेपणा?

प्रश्न असा आहे: ‘चंगळवादाला पर्याय म्हणून मिनिमलिझम’, म्हणजे हव्या तेवढ्याच वस्तू ठेवून राहणे, या विषयावर मराठीत लिहिताना मिनिमलिझमला ‘अपरिग्रह’ म्हणावे का? आणि ‘काटकसर’ हा घरचा शब्द असताना तो का नको?

काटकसर आधी बाजूला काढू. ती पैशाची असते, वस्तूंची नव्हे. काटकसरी घरात श्रीखंडाचे रिकामे डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, पाठकोरे कागद सगळे जपले जाते. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत माळा भरत जातो. मिनिमलिस्ट नेमके हेच डबे आधी घराबाहेर काढतो आणि जो एक ठेवायचा तो चांगला मिळावा म्हणून प्रसंगी चार पैसे जास्त मोजतो. ‘मितव्यय’ची अडचणही तीच, त्यात मोजमाप खर्चाचे आहे.

अपरिग्रह, म्हणजे साठवून न ठेवणे, अर्थाने जवळचा, पण वजनाने फार भारी. पतंजलीच्या योगसूत्रांत तो पाच यमांपैकी (म्हणजे आचरणाच्या नियमांपैकी) शेवटचा, जैन परंपरेत साधूंच्या पाच महाव्रतांपैकी एक. म्हणून तो ‘करत’ नाहीत, ‘पाळतात’. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या दोनच शब्दांत आहे: ‘मूर्च्छा परिग्रहः’. मूर्च्छा म्हणजे इथे आसक्ती. त्यामुळे घर रिकामे आणि मन मात्र नव्या मोबाइलपाशी अडकलेले, तर तो अपरिग्रह ठरत नाही. मिनिमलिझमची अट इतकी कडक नाही. आवडती वस्तू खुशाल बाळगा, नको ती काढा, एवढेच त्याचे म्हणणे.

त्याच जैन परंपरेत गृहस्थासाठी वेगळे अणुव्रत, म्हणजे सौम्य व्रत आहे, परिग्रह-परिमाण. जमीन, घर, सोनेनाणे, धनधान्य, कपडालत्ता-भांडीकुंडी यांची प्रत्येकी मर्यादा आधीच ठरवायची आणि ती ओलांडली की व्रताला दोष लागला. ‘कपाटात इतकेच शर्ट’ असे ठरवणाऱ्या आजच्या माणसाशी खरे नाते या शब्दाचे आहे, पण तो कोण वापरणार! विनोबांनी गांधीजींच्या आश्रमातल्या एकादश (अकरा) व्रतांच्या श्लोकात ‘असंग्रह’ घेतला आहे. तो सोपा आहे, तरी ‘अ’ लागल्यामुळे संग्रहच नाही असा अर्थ निघतो. ‘मितसंग्रह’ त्याहून नेमका. ‘मित’ म्हणजे मोजलेले, जसे मिताहार, मितभाषी. माणसाला विशेषण हवे असेल तर ‘मितसंग्रही’ चालेल.

रोजच्या लिहिण्याबोलण्यात मात्र माझे मत ‘मोजकेपणा’ला. मोजके कपडे, मोजकी भांडी, ‘मोजक्यात राहणे’ हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एक पथ्य पाळा. हे विशेषण वस्तूंना आणि बहुधा अनेकवचनात लागते, माणसाला नाही. ‘तो मोजका माणूस आहे’ म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल. भाववाचक नाम ‘साधेपणा’, ‘वेगळेपणा’सारखेच, म्हणून ‘मोजकेपणा’. ‘मोजकापणा’ नको. खोली, सोफा, वेबसाइट यांना ‘सुटसुटीत’, संसाराला ‘आटोपशीर’. अपरिग्रही सोफा कुणी विकत घेणार नाही.

‘किमानवाद’ कलेसाठी राखून ठेवावा. 1960च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड जड, डॅन फ्लेविन या कलावंतांचे जे काम पुढे आले, ते घर आवरण्याबद्दल नव्हते.

आता दुसरी बाजू. ‘चंगळवाद’ मराठीने झकास घडवला आहे, पण त्यात नापसंती आधीच मिसळलेली आहे. अर्थशास्त्रावरचा किंवा तटस्थ लेख असेल तर ‘उपभोगवाद’ घ्या. ‘ग्राहकवाद’ टाळा. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते आहे, त्यामुळे इथे ‘ग्राहक’ म्हटले की हक्क आणि तक्रार आठवते, उधळपट्टी नव्हे. गंमत म्हणजे ग्राहक, संग्रह आणि परिग्रह हे तिन्ही शब्द ‘ग्रह्’ म्हणजे घेणे-धरणे या एकाच धातूचे.

राहिले क्रियापद. भाषांतरात ‘मिनिमलिझमला मिठी मारा’, ‘आलिंगन द्या’ असले काही करू नये. वैचारिक लेखात ‘अंगीकार’ शोभतो. सदराचा मथळा करायचा तर ‘चंगळ सोडा, मोजक्यात राहा’ पुरे.