दहावीचा निरोप समारंभ प्रथमच हाती घेणाऱ्या वर्गशिक्षकांना

तालुक्याच्या शाळेतील निरोप समारंभाची जबाबदारी यंदा आपल्याकडे आली आहे, तेव्हा सर्वप्रथम तारीख नीट निवडावी. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि प्रात्यक्षिके ३ फेब्रुवारीपासूनच होती. त्यामुळे जानेवारीची अखेर मला सर्वांत सोयीची वाटते.

माझ्या पहिल्या वर्षी मी कार्यक्रम दुपारी ठेवला. पाहुण्यांची भाषणे लांबत गेली आणि पाचची एसटी गाठण्यासाठी वाड्यावस्त्यांवरच्या निम्म्या मुली मनोगत न मांडताच निघून गेल्या. त्यांतली एक, वहीच्या पानावर लिहिलेले, चार घड्या घातलेले भाषण मुठीत तसेच धरून फाटकाबाहेर पडली. तेव्हापासून मी कार्यक्रम सकाळीच घेतो. मुलांची मनोगते आधी आणि अध्यक्षीय भाषण शेवटी, तेही दहा मिनिटांचे, असा क्रम ठेवतो. अध्यक्ष रुसतात, रुसू द्यावेत.

वर्गणी ऐच्छिक असावी आणि कोणी किती दिली याची यादी फळ्यावर लावू नये. शाळेला भेटवस्तू देण्यापूर्वी मुलांनी शिपायांना विचारावे, कारण काय मोडले आहे ते त्यांनाच ठाऊक असते. आमच्याकडे एका वर्षी तीन भिंतीवरची घड्याळे जमली होती आणि प्रयोगशाळेतला नळ मात्र गळतच राहिला.

प्रवेशपत्रे त्याच दिवशी वाटणार असाल, तर नाव, विषय, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का अल्पोपाहारापूर्वीच तपासून घ्यावा.