ब्रिटनमधून आणलेला अनलॉक्ड फोन आणि वॉरंटी नाकारणारं सर्व्हिस सेंटर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा भाचा इंग्लंडमध्ये शिकतो. आठ महिन्यांपूर्वी त्याने तिथल्या एका नेटवर्क कंपनीच्या दुकानातून नवा अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा, फोन तुमच्यासाठी घेतला, एकरकमी पैसे भरून, आणि येताना भारतात घेऊन आला. पैसे तुमचे, बिल त्याच्या नावावर. पाचव्या महिन्यात स्क्रीनवर हिरवी रेघ आली, तुम्ही इथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलात, त्यांनी "हा बाहेरचा फोन आहे, त्यात अनलॉक केलेला, वॉरंटी बसत नाही" म्हणून परत पाठवलं. आता अर्धा टच बंद आहे, मुलगा म्हणतोय कंपनीला नोटीस पाठवू, कोपऱ्यावरचा रिपेअरवाला म्हणतोय डिस्प्ले बदलून देतो. काय करू?

पहिली गोष्ट, कोपऱ्यावरच्या माणसाला फोन उघडू देऊ नका. निदान माझं पुढचं वाचून होईपर्यंत तरी नको, कारण एकदा बाहेरच्या माणसाने फोन खोलला की "बिघाड त्याच्यामुळेच झाला" असं म्हणायला सगळ्यांनाच मोकळं रान मिळतं आणि मग आपल्या हातात सिद्ध करण्यासारखं काही राहत नाही.

आता ते "अनलॉक केलेला आहे म्हणून वॉरंटी नाही" प्रकरण. हे कारण चुकीचं आहे आणि ऐकून गप्प बसायचं नाही. ब्रिटनच्या टेलिकॉम नियामकाने, म्हणजे ऑफकॉमने, डिसेंबर २०२१ पासून नेटवर्क कंपन्यांना लॉक केलेले, म्हणजे फक्त त्यांचंच सिम चालणारे, फोन विकायला बंदीच घातलेली आहे. म्हणजे तुमच्या भाच्याला फोन दुकानातूनच अनलॉक्ड मिळाला, कुणी कोड टाकून किंवा सॉफ्टवेअरमध्ये खटपट करून तो उघडलेला नाही. वॉरंटी जाते ती फोन रूट केला, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरची आतली बंधनं तोडली, किंवा बूटलोडर (फोन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) उघडून दुसरं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यातून बिघाड झाला तर. कुठलंही सिम चालणं हा काही बिघाड नव्हे आणि छेडछाडही नव्हे. काउंटरवरची मुलं हे दोन्ही एकत्र करतात, त्यात त्यांचा हेतू वाईट असतो असं नाही, पण नुकसान तुमचं होतं.

खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे देशाची अट. मोबाइलच्या बाबतीत बऱ्याच कंपन्या वॉरंटीच्या कागदात लिहूनच ठेवतात की जिथे विकला त्या देशातच मोफत सेवा. लॅपटॉपला कधीकधी जगभर वॉरंटी असते, फोनला ती धरून चालू नका. त्यात एक तांत्रिक भागही आहे, एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या मॉडेल नंबरने येतो, नेटवर्कचे बँड वेगळे असतात, काही पार्ट वेगळे असतात, त्यामुळे इथल्या सेंटरकडे तो पार्ट खरंच नसू शकतो. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन पूर्ण मॉडेल नंबर बघा आणि तोच नंबर भारतात विकला जातो का ते कंपनीच्या साइटवर तपासा. विकला जात असेल तर कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला ईमेल करून विचारायला हरकत नाही, कधीकधी वरच्या पातळीवर ऐकतात. मात्र ती मेहेरबानी झाली, हक्क नव्हे.

हक्क कुठे आहे? तो बिलावर आहे ताई. वॉरंटी ही कंपनीने स्वतःहून दिलेली गोष्ट असते, ती त्यांच्या अटींवर चालते. पण त्याच्याशिवाय कायद्याने दुकानदारावर टाकलेली एक जबाबदारी असते आणि ब्रिटनमध्ये ती चांगली भक्कम आहे. तिथला कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ सांगतो की विकलेला माल समाधानकारक दर्जाचा असला पाहिजे, आणि या दर्जात टिकाऊपणाही धरलाय. ही जबाबदारी विकणाऱ्याची, फोन बनवणाऱ्याची नव्हे. पहिल्या ३० दिवसांत खराब माल सरळ परत करून पैसे मागता येतात. ते दिवस तुमचे गेले, पण त्यानंतरही मोफत दुरुस्ती किंवा बदली मागण्याचा हक्क राहतो, आणि एकदा दुरुस्ती किंवा बदली करूनही माल ठीक झाला नाही तर फोन परत करून पैसे मागता येतात किंवा किमतीत सूट मागता येते. सहा महिन्यांनंतर असे पैसे परत मागितले तर वापराचे काही पैसे ते कापू शकतात, हे धरून चला. इंग्लंडमध्ये दावा करायची मुदत सहा वर्षांची आहे. एक वर्षाची वॉरंटी संपली म्हणून हा हक्क संपत नाही, आणि दुकानाने "आमची जबाबदारी नाही" असं कागदावर छापलं तरी त्याला अर्थ नाही, कायदाच ती पळवाट बंद करतो.

तुमच्या केसमध्ये माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद कुठला माहितेय? तुम्ही रागाने फोटो काढून पाठवलेली ती जॉब शीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार लिहून दिलेला कागद. त्याच कायद्यात असं आहे की माल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असं धरलं जातं, तसा नव्हता हे दुकानदाराने दाखवायचं. सहा महिन्यांनंतर दिसला तर उलटं, मग सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. तुमची जॉब शीट पाचव्या महिन्यातल्या तारखेची आहे, त्यावर "डिस्प्लेवर लाइन" अशी तक्रार लिहिलीय, कारणाच्या जागी फक्त "दुसऱ्या रीजनचा फोन" लिहिलंय आणि फोन पडल्याचं किंवा पाणी गेल्याचं एक अक्षर नाही. म्हणजे ज्यांनी तुम्हाला परत पाठवलं त्यांनीच नकळत तुमचा पुरावा तयार करून दिलाय. मूळ कागद जपून ठेवा, स्कॅन करा, आणि *#०६# डायल करून येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जॉब शीटवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळतो का बघा. नसेल जुळत तर सेंटरकडून दुरुस्त करून घ्या, ते आधी.

आता हा हक्क वापरायचा कुणी? तुम्ही नाही, भाच्याने. करार त्याचा आणि दुकानाचा आहे. त्याने फोन मावशीला दिला म्हणून त्याचा हक्क जात नाही, तो धंदा म्हणून फोन घेऊन विकत नव्हता एवढं पुरे. त्याने दुकानाला लेखी ईमेल करायचा, फोनवर बोलून सोडायचं नाही. ईमेलमध्ये खरेदीची तारीख, ऑर्डर नंबर, आयएमईआय, दोष पहिल्यांदा कधी दिसला ते, सोबत बिल आणि जॉब शीट, आणि स्पष्ट वाक्य की कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ च्या कलम ९ आणि २३ खाली मी मोफत दुरुस्ती किंवा बदली मागतोय, दोष सहा महिन्यांच्या आत दिसलाय त्यामुळे कलम १९ चं गृहीतक लागू आहे, अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्या. बहुतेक पहिलं उत्तर येईल की "मॅन्युफॅक्चररशी बोला". त्याला एवढंच उत्तर द्यायचं की माझा करार तुमच्याशी आहे. दोन-तीनदा हेच लिहावं लागेल, त्याने वैतागून सोडू नये, बरीच माणसं नेमकी इथेच सोडून देतात.

त्याने पैसे कसे भरले तेही विचारा. तिथल्या बँकेच्या क्रेडिट कार्डाने भरले असतील तर काम बरंच सोपं होऊ शकतं, कारण तिथल्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ च्या कलम ७५ प्रमाणे १०० पाउंडपेक्षा जास्त आणि ३०,००० पाउंडपर्यंतच्या वस्तूसाठी दुकानाबरोबर कार्ड देणारी बँकही जबाबदार असते आणि दुकान टाळाटाळ करत असेल तर थेट बँकेकडे दावा टाकता येतो. डेबिट कार्ड असेल तर हे कलम लागू नाही, चार्जबॅक नावाचा प्रकार असतो, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत मागणं, पण त्याची मुदत कमी असते, म्हणून बँकेला लगेच विचारून घ्यावं. आणि काहीच जमलं नाही तर तिथल्या काउंटी कोर्टात १०,००० पाउंडपर्यंतचे असे दावे छोट्या दाव्यांच्या पद्धतीने चालतात, वकील न लावता लोक लढतात. पण हे सगळं भाचा तिथे आहे तोपर्यंत सोपं. त्याचा कोर्स कधी संपतोय ते मला कळवलं नाहीत, तो परत आला की हेच काम दहापट अवघड होईल, म्हणून या आठवड्यातच सुरू करा.

मुलाचं नोटिशीचं म्हणणं आता. भारतात कंपनीवर ग्राहक आयोगात जाता येईल का? जाता येईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तुमच्या नावावर बिल नसलं तरी घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारी व्यक्तीही ग्राहकच धरली जाते. दार उघडं आहे. पण आत जाऊन सांगणार काय? इथल्या कंपनीने तुम्हाला काही विकलेलं नाही, आणि वॉरंटीच्या कागदात "फक्त खरेदीच्या देशात" असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर मोफत दुरुस्ती नाकारणं ही सेवेतली त्रुटी आहे हे पटवणं कठीण आहे. ही अटच अन्यायकारक आहे असा मुद्दा घेता येतो, पण अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं, आणि एका डिस्प्लेसाठी तेवढा वेळ नि खर्च करा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

चित्र कधी बदलेल? वॉरंटी कार्डावर, खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर या मॉडेलला आंतरराष्ट्रीय वॉरंटी असल्याचं लिहिलेलं सापडलं तर. मग नकार म्हणजे सरळसरळ सेवेतली त्रुटी. त्यामुळे तो कागद आधी नीट वाचा, सापडलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला पाठवा, नोटीस मी स्वतः लिहून देईन. तोवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत, ती नोंदवून ठेवा, कधीकधी कंपनी तेवढ्यानेही हलते.

दुसरा फरक पैसे देऊन दुरुस्तीत पडतो. अधिकृत सेंटरने पैसे घेऊन डिस्प्ले बदलायची तयारी दाखवली आणि तुम्ही ते केलंत तर त्या सेवेपुरत्या तुम्ही त्यांच्या थेट ग्राहक झालात, तिथे काम बिघडलं तर जिल्हा आयोगात तुमची बाजू मजबूत असेल, फोन कुठल्या देशातला हा प्रश्नच येत नाही. हा मार्ग घ्यायचा तर अंदाजपत्रक लेखी घ्या आणि बदललेल्या पार्टची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. पण माझा आग्रह आहे की आधी भाच्याचा ईमेल जाऊ दे, दुकानाचं उत्तर येऊ दे, मगच ठरवा, कारण अधिकृत ठिकाणी का होईना, एकदा डिस्प्ले बदलला की दोष असलेला भागच तुमच्या हातातून गेला.

दुकानाने फोन मागवला तर कुणी ओळखीचं जात असेल त्यांच्याबरोबर हँडबॅगेत पाठवा. कुरिअरमध्ये लिथियम बॅटरीचे नियम आहेत आणि दुरुस्त होऊन परत येताना कस्टम्सचा व्याप वेगळा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र विमानाने अजिबात पाठवायची नाही, आणि चार्जिंगलाही लावू नका. देण्याआधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, डेटाचा बॅकअप घ्या आणि फोनमधून आपलं अकाउंट काढून टाका, नाहीतर अकाउंटचं लॉक तसंच आहे म्हणून तिथे फोन घेणारच नाहीत. बदली फोन मिळाला तर त्याचा आयएमईआय वेगळा असेल, तो नवा नंबर लिहिलेला कागद दुकानाकडून मागून घ्यायला भाच्याला सांगा.

ईमेलचा मसुदा तयार झाला की पाठवायच्या आधी मला दाखवा. बिलाची प्रत आणि वॉरंटीचा पूर्ण कागदही लागेल, तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालचा अर्धा भाग कापला गेलाय आणि देशाची अट नेमकी तिथेच असते.