हेगला जाण्याआधी

फोंडा

प्रिय बाय,

चवथीला तू घरी आलीस, माटोळीखाली बसून हेगच्या संस्थेतल्या इंटर्नशिपसाठी निवड झाल्याचे पत्र दाखवलेस आणि लगेच विचारलेस, "मावशी, तिथे सगळे मोठमोठ्या विद्यापीठांतून आलेले असणार. माझा तिथे काय निभाव लागणार?" तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहून गेले. तेव्हापासून ते मनात घोळते आहे, म्हणून हे पत्र.

आधी आपल्याच भागातला एक खटला सांगते. 22 डिसेंबर 1955 रोजी पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. दादरा आणि नगर हवेली त्यांच्या हातून गेली होती. दमणहून तिथे जायची वाट भारताने अडवली, अशी त्यांची तक्रार. निकाल लागला 12 एप्रिल 1960 ला. गोवा तेव्हा अजून मुक्त झाला नव्हता.

त्यात एक प्रश्न असा होता की मराठ्यांनी ती गावे पोर्तुगीजांना दिली, ती कोणत्या नात्याने? पोर्तुगालचा भर 1779 च्या पुण्याच्या तहावर होता. न्यायालयाने त्या तहाच्या सतराव्या कलमाचे पुढे आलेले वेगवेगळे पाठ तपासले, 1783 आणि 1785 च्या सनदा पाहिल्या आणि म्हटले, हा सालिना 12,000 रुपयांचा सरंजाम आहे. म्हणजे महसूल घ्यायचा, मुलखाची मालकी नाही. मराठ्यांना जिथे मुलूखच द्यायचा असे, तिथे त्यांच्या तहांत तसे स्पष्ट शब्द असत, हेही न्यायालयाने नोंदवले. पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीजांची सत्ता मान्य असल्यासारखे वागवले आणि ये-जा वर्षानुवर्षे तशीच चालू राहिली, म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी मात्र 8 विरुद्ध 7 मतांनी नाकारला गेला. आणि भारताने हक्कभंग केला नाही, हे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले.

हेगच्या न्यायासनापुढे 'सरंजाम' या शब्दाचा अर्थ लावला गेला, बाय. तुझ्या शेजारी बसणाऱ्याला हा शब्द कोणीतरी समजावून सांगावा लागेल. तू तो घरात ऐकत वाढलीस. पण तिथेच सावध राहा. आपण फराळाचा सरंजाम म्हणतो, तो अर्थ घेऊन अठराव्या शतकातली सनद वाचलीस तर फसशील. त्या काळी, त्या दफ्तरात, त्या लिहिणाऱ्याने तो शब्द कसा वापरला हे दाखवावे लागते. भाषा येणे ही सुरुवात झाली, पुरावा वेगळा उभा करावा लागतो. जमले तर मोडी शीक. मराठी, कोकणी, थोडी पोर्तुगीज हे तुझे भांडवल आहे, ते अर्जाच्या शेवटच्या ओळीत कोंबू नकोस.

आता माझी चूक सांगते, कारण तीच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. मीही अशाच एका संस्थेत तीन महिने होते. पहिल्याच आठवड्यात मेमो, म्हणजे एका कायदेशीर प्रश्नावरचे टिपण, लिहायला मिळाला. एका नामांकित ग्रंथाच्या तळटिपेत निवाड्यातले एक वाक्य होते. माझ्या मुद्द्याला ते अगदी हवे तसे. मी ते 'न्यायालयाने म्हटले आहे' असे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी मेमो परत आला. त्या वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ आणि समासात तीनच शब्द, 'हे कोण म्हणाले?' मी मूळ निवाडा काढला. ते वाक्य निवाड्यात नव्हतेच, एका न्यायाधीशाच्या भिन्नमतात होते. बहुमताने नेमके उलटे म्हटले होते. तो मेमो तसाच पुढे गेला असता तर? त्या दुपारी जेवण गेले नाही. तेव्हापासून मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी निवाड्याचा एकही संदर्भ, म्हणजे सायटेशन, लिहीत नाही, फोंड्याच्या कोर्टातल्या साध्या अर्जातसुद्धा.

काम बहुतेक असेच असेल. कोणीतरी एक प्रश्न देईल, दोन-तीन दिवस देईल. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीचे, 38 वे कलम पाठ असू दे. तह, रूढी, कायद्याची सर्वसामान्य तत्त्वे आधी. न्यायनिवाडे आणि विद्वानांची मते ही साहाय्यक साधने. आपण कॉलेजात उलटे करतो, आधी पुस्तक उघडतो. आणि जे सापडले नाही तेही लिही: कुठे शोधले, कोणत्या वर्षांपर्यंत शोधले. ते नसेल तर वरिष्ठांना सगळा शोध पुन्हा करावा लागतो.

निघायच्या आधी पन्नास निवाड्यांचे सारांश वाचत बसू नकोस. एकच खटला पूर्ण वाच. लेखी कैफियती, तोंडी युक्तिवाद, निवाडा, प्रत्येक स्वतंत्र मत आणि भिन्नमत. न्यायालयाच्या संकेतस्थळावर हे सगळे फुकट मिळते. निवाडे फ्रेंच आणि इंग्रजीत समोरासमोरच्या पानांवर छापलेले असतात आणि त्यांतला अधिकृत पाठ कोणता ते शेवटी लिहिलेले असते. फ्रेंच येत नसले तरी अडलेल्या शब्दाशी समोरचे पान पडताळून बघायची सवय लाव.

तिथे ऐकलेले तिथेच ठेव. फाइलीचा फोटो तर नाहीच, पण 'आज एका महत्त्वाच्या प्रकरणावर काम केले' एवढेही कुठे टाकायचे नाही.

पैशांचे बोलायला तू संकोचलीस, म्हणून मीच बोलते. संयुक्त राष्ट्रांचे सचिवालयसुद्धा इंटर्नना वेतन देत नाही. प्रवास, व्हिसा, विमा, भाडे सगळे आपले. ऐपत नसलेल्या हुशार मुलांना यामुळे दार बंद होते आणि याचा मला मनापासून राग येतो. तुझ्या बाबांनी पोफळीची बाग गहाण टाकायची गोष्ट काढली, असे तुझ्या आईकडून कळले. ते होऊ देऊ नकोस. आधी तुमच्या संस्थेला स्पष्ट पत्र लिही: काही मानधन आहे का, राहण्याची सोय आहे का, मुदत कमी करता येईल का. असे विचारण्यात कमीपणा नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज आपण दोघी बसून भरू. एवढे करूनही हिशेब जमला नाही, तर या वर्षी नाही म्हणून कळव. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, बाग मात्र सहज सोडवता येणार नाही.

रविवारी दुपारी ये. बाबांनाही घेऊन ये. खर्चाचा कागद आणि 1960 चा निवाडा, दोन्ही टेबलावर काढून ठेवते.

तुझी,
मावशी