टिक् ऐकू येतं, पण हॉर्न वाजत नाही

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी 2014 ची आहे. शाळेसाठी जांबोटी-खानापूर रोजचं जाणं-येणं. पाऊस लागल्यावर हॉर्नचा आवाज आधी बसका झाला, आठवडाभरात बंदच पडला. बटण दाबलं की डॅशबोर्डखाली टिक् होतं, एवढंच. गाडी खड्ड्यात आदळली की एखाद्या वेळी वाजूनही जातो. फ्यूज बघितला, चांगला आहे. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही हॉर्न आणि स्टिअरिंगचा स्विच बदलावा लागेल. मे महिन्यात म्हैस आडवी आली म्हणून बंपर काढून पुढचं पत्र्याचं काम आणि रंग करून घेतला होता, त्याशिवाय गाडीला हात लावलेला नाही. हॉर्न खरंच गेले असतील का?
– एक शिक्षिका, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : ताई, अजून काही विकत घेऊ नका. तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं म्हशीचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आधी त्या टिक् आवाजाचं. तो रिलेचा आवाज. स्टिअरिंगवरचं बटण हॉर्नला थेट करंट देत नाही, ते फक्त रिलेला जागं करतं आणि रिले पुढं हॉर्नला करंट सोडतो. टिक् होतंय म्हणजे बटण आणि स्टिअरिंगमधली गुंडाळीची केबल दोन्ही चांगली आहेत. स्विच बदलायचं कारणच नाही. टिक् होत नसतं आणि जोडीला एअरबॅगचा दिवाही पेटलेला असता, तर त्या केबलवर संशय घेतला असता. पण स्टिअरिंगचं ते काम घरी कुणीही करू नये, एअरबॅग उडाली तर जीवावर बेतेल.

आता राहिलं रिलेच्या पुढचं. रिले टिक् करतो, पण आतले पॉइंट जळलेले असले तर करंट पुढं जात नाही. फ्यूजच्या डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले बहुधा असतोच. अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम. पण तुमच्या बाबतीत दोष तिथं निघेल असं मला वाटत नाही. तुमच्या गाडीला जाड आणि बारीक अशा दोन आवाजांचे हॉर्न आहेत. आवाज बसका झाला तेव्हा बारीक आवाजाचा बंद पडला होता, मग दुसराही गेला. एकाच आठवड्यात दोन हॉर्न आतून जळत नाहीत हो. दोघांचं समाईक काय ते शोधायचं.

अशा बऱ्याच गाड्यांत हॉर्नला एकच वायर येते. मायनस मिळतो तो हॉर्नच्या पट्टीतून आणि बोल्टातून, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून. याला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. मे महिन्यात तिथल्या आडव्या पट्टीवर रंग मारला आणि हॉर्न त्या रंगावरच आवळले. रंगातून करंट जात नाही. बोल्टाच्या आट्यांनी महिनाभर कसंबसं निभावलं. मग खानापूरचा पाऊस आणि लाल चिखल आला, आटे गंजले. खड्ड्यात आदळल्यावर वाजतो तो यामुळंच, धक्क्यानं बोल्ट क्षणभर पत्र्याला टेकतो.

खात्री अशी करा. इंजिन गार असू दे, कारण रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. हॉर्नवरून वायरीचा कपलर, म्हणजे जोडणीचं सॉकेट, काढा. बल्बचं एक टोक त्या कपलरमध्ये, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. कुणाला तरी बटण दाबायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर करंट हॉर्नपर्यंत येतोय. आता तेच दुसरं टोक बॅटरीवरून काढून हॉर्नच्या बोल्टावर टेकवा. बल्ब मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर दोष सापडला. यासाठी मीटर वापरू नका. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं वायरीची एक हिरवी पडलेली तार शिल्लक असली तरी तो 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याला फसवता येत नाही.

मग बोल्ट काढा, पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. हॉर्नचं तोंड खाली आहे ना तेही बघून घ्या. बंपर बसवताना ते वर झालं असेल तर आत पाणी साचून पडदा गंजेल.

बेळगावच्या उद्यमबागेत मी तीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. सुरुवातीला चंदगडच्या एका टेंपोवाल्याला मी नवा हॉर्न बसवून दिला. वाजला, कारण बसवताना बोल्ट घासला गेला होता. तीन आठवड्यांनी तो परत आला. जुना हॉर्न बॅटरीला थेट लावून बघितला, तर खणखणीत. त्याचे पैसे परत केले. तेव्हापासून जुना हॉर्न बॅटरीवर वाजवून बघितल्याशिवाय नव्याचा खोका फोडत नाही. गॅरेजवाल्यालाही तुमच्या समोर तसंच करायला सांगा.

हे काम याच रविवारी करून घ्या. जांबोटीच्या त्या रस्त्यावर सकाळचं धुकं असतं आणि कडेनं डोक्यावर खोळ घेतलेली माणसं शेताकडं चाललेली असतात. खोळीवर पाऊस वाजत असताना त्यांना मागच्या गाडीचं इंजिन ऐकू येत नाही. तोपर्यंत दिवसाही हेडलाइट लावा आणि वळणावर दुसऱ्या गिअरमध्येच राहा. आणि बल्ब पहिल्याच वेळी, बॅटरीच्या मायनसवरही मिणमिणला, तर रिलेपासून हॉर्नपर्यंतची वायर तपासावी लागेल. तसं झालं तर कपलरचा फोटो काढून पाठवा.