महाग पंखा स्वस्त कसा?

प्रश्न: बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा साध्यापेक्षा १५०० रुपयांनी महाग, मग वीज नियोजनवाले त्याला स्वस्त कसं म्हणतात?

उत्तर: ताई, ते १५०० एकाच वर्षाच्या डोक्यावर टाकायचे नसतात हो, पंखा १० वर्षं फिरणार ना! पण नुसतं १० ने भागलं तरी चुकतं, पैसा आज अडकतो त्याचं व्याज धरायलाच हवं, १० टक्क्यांनी वर्षाचा हप्ता येतो साधारण २४४. आता साधा ७५ वॉटचा, हा ३० चा, रोज १२ तास, ३०० दिवस धरले तर १६२ युनिट वाचतात, म्हणजे वाचलेलं युनिट दीड रुपयाला पडलं, आणि वीज नियोजनाच्या हिशेबात (मॉडेलमध्ये) हा दीड रुपया नवीन वीज केंद्राच्या युनिट खर्चाशेजारी ठेवून बघतात, त्याहून कमी पडला की पंखा स्वस्त. उधारीवर घेणाऱ्या घराला मात्र २५ टक्के व्याज धरा, हप्ता थेट ४२० होतो. म्हणून मला मनापासून वाटतं, सरकारच्या उजाला योजनेत एलईडी बल्ब बिलातून हप्त्याने मिळायचे तसे पंखेही मिळायला हवेत.