इन्सर्टरूलने टाकलेला रंग का दिसत नाही?
भाऊ, तू सीताबर्डीच्या दुकानाच्या साइटवर बटणाचा रंग इन्सर्टरूलने (जावास्क्रिप्टमधून स्टाइलशीटमधे नवा सीएसएस रूल टाकायची मेथड) बदलून राहिला अन् एरर न येता जुनाच रंग दिसून राहिला ना, तर तू इन्सर्टरूलला दुसरा आकडा, म्हणजे रूल कितव्या जागी टाकायचा तो, दिलाच नाही, तो नसला की ब्राउझर ० धरते म्हणजे तुझा रूल शीटमधे सगळ्यात वर जाऊन बसते आणि खाली त्याच सिलेक्टरचा (म्हणजे त्याच बटणाला लागणारा) जुना रूल आहे तो नंतर येते म्हणून जिंकते. तिथं शीट डॉट सीएसएसरूल्स डॉट लेंग्थ (शीटमधे एकूण रूल किती तो आकडा) दे, रूल शेवटी जाईल. इम्पॉर्टंट (रूलला जबरदस्तीनं जिंकवणारा शब्द) लावून भागवू नको, पुढं खूप त्रास होते. आणि हो, शीट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर सीएसएसरूल्स वाचतानाच सिक्युरिटीएरर येऊ शकते, मग सरळ नवीन स्टाइल टॅग बनवून त्याच्या शीटमधे टाक.