होडीतून द्राक्षमळ्यात

प्रश्न : आमची कडवंचीला द्राक्षबाग आहे. मुलगा म्हणतो, फ्रान्समध्ये कालव्यावर होडी भाड्यानं घेऊन फिरू. वाटेत वायनरी बघता येतील का? – एक बागायतदार, जि. जालना

उत्तर : दादा, खुशाल जा, पण सप्टेंबरात, तेव्हा तोडणी चालू असते. दक्षिण फ्रान्समधला कॅनाल द्यु मिदी हा कालवा 1681 मध्ये पुरा झाला, लांबी 240 किलोमीटर. आपल्या जायकवाडीच्या कालव्यासारखा सिंचनासाठी नव्हे, होड्यांसाठीच खोदलेला. भाड्याच्या होडीला परवाना लागत नाही, चालवायला होडी देणारेच शिकवतात. वेग ताशी फार तर 8 किलोमीटर! मिनेर्वुआ या द्राक्षांच्या भागात ओंप्स गावाला होडी बांधायची अन् सायकलवर मळे गाठायचे. मांडव शोधू नका, वेली जेमतेम छातीएवढ्या. वायनरीला आधी फोन करा, जेवणाच्या वेळी कुणी दार उघडत नाही. वाइन चाखून थुंकायला भांडं ठेवतात. जिवावर येतं, पण सुकाणू धरणाऱ्यानं थुंकावंच.